ब्रेकमॅडमचं चिडकं आतडं

तिच्या हाताखाली गाडी शिकलेली माणसं शहरभर पसरली आहेत आणि त्या सगळ्यांना एकच रस्ता झोपेतसुद्धा चालवता येतो. ड्रायव्हिंग स्कूलच्या दारातून निघायचं, पेट्रोल पंपाशी डावीकडे वळायचं, मोठ्या हॉस्पिटलच्या भिंतीला धरून चढ चढायचा, वाचनालयापाशी सिग्नल, पुढे चार मजली कपड्यांचं दुकान, आणि भाजीबाजाराच्या मागून परत. शिकणाऱ्यांना वाटायचं, बाईंनी वर्षानुवर्षांच्या अनुभवातून हा रस्ता काढला असणार. चढ आहे, उतार आहे, गर्दी आहे, अरुंद बोळ आहे. खरं कारण एवढंच होतं की त्या वाटेवर कुठेही गाडी थांबली तरी संडास हाकेच्या अंतरावर होता.

सगळे तिला ब्रेकमॅडम म्हणत. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला की दाबायचा. ही जरा जास्तच दाबते, अशी पोरापोरींची तक्रार होती. पण तिच्या आवाजाला कधी धार नसायची. कुणी दुभाजकावर गाडी चढवली तरी ती म्हणायची, "हं. आता मागे घ्या." त्यामुळे घाबरट माणसं तिच्याकडेच यायची.

पन्नाशीच्या उंबरठ्यावरची बाई. अंगानं काटकुळी. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायचा. मूल नव्हतं. झालं नाही, आणि मग त्या विषयावर बोलणंही झालं नाही.

दुखणं सुरू झालं ते अगदी साध्या निमित्तानं. कधीतरी बाहेरचं काहीतरी खाण्यात आलं आणि ती आठवडाभर आडवी झाली. जुलाब थांबले, ताप उतरला, अंगात बळ आलं, पोट मात्र ताळ्यावर आलं नाही. सकाळी घराबाहेर पडायची वेळ झाली की बेंबीच्या खाली पीळ पडायचा. एकदा जाऊन आलं की पुन्हा जावंसं वाटायचं. कधी चार दिवस काहीच नाही, नुसतं फुगलेलं पोट, आणि पाचव्या दिवशी सिग्नलला गाडी उभी असताना अचानक अशी कळ की कानामागे घाम.

पोटाच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. नळी घालून पाहिलं, रक्त पाहिलं, फोटो काढले. शेवटी कागद पुढे सरकवून म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल आहेत."

"मग दुखतंय काय?"

"आयबीएस. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. सोप्या भाषेत सांगायचं तर तुमचं आतडं चिडकं आहे."

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "घरात चिडकं कोण आहे ते एकदाचं तपासणीत निघालं म्हणायचं." तेव्हा ती हसली होती. तेव्हा अजून हसायची.

मग हळूहळू तिनं आपलं आयुष्य पोटाच्या मापानं बेतलं. सकाळी काही खायचं नाही. दूध बंद, तिखट बंद, बाहेरचं पाणीसुद्धा बंद. जुलाब थांबवायच्या गोळ्या पर्समध्ये, गाडीच्या कप्प्यात आणि स्कूलच्या टेबलाच्या खणात. मागच्या सीटवर एक पिशवी, त्यात कपड्यांचा जादा जोड. सिनेमा बंद झाला, कारण रांगेतून उठून बाहेर पडताना लोकांचे गुडघे लागतात. कुणाकडे जाणं बंद झालं. "येते की," म्हणायचं आणि त्या दिवशी सकाळी फोन करायचा. पुढे लोकांनीच बोलावणं सोडलं. तिला त्याचं वाईट वाटायचं, आणि सुटका झाल्यासारखंही वाटायचं. नंतर नंतर दोन्ही वाटेनासं झालं.

तिचे वडील धाकट्या बहिणीकडे राहत. धाकटीचं घर घाटापलीकडे. मधे लांबलचक बोगदा, त्यापुढे वळणांचा रस्ता, कडेला थांबायला जागा नाही. एका संध्याकाळी धाकटीचा फोन आला.

"ताई, बाबांना ॲडमिट केलंय. डॉक्टर म्हणतात, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवा."

"निघते," ती म्हणाली. आणि तिला खरंच निघायचं होतं.

सकाळी नवऱ्यानं गाडी दारात आणली. तिनं आदल्या दुपारपासून काही खाल्लं नव्हतं, गोळ्या घेतल्या होत्या, पिशवी भरली होती. ती बसली. गल्लीच्या टोकाशी पोटात पीळ पडला. "जरा थांबा." परत घरी. पुन्हा निघाले, ते पेट्रोल पंपापर्यंत पोचले. पुन्हा परत. तिसऱ्या खेपेला ती एका पायात चप्पल घालून पायरीवर उभी राहिली आणि दुसरा पाय पुढे येईना. नवरा किल्ली हातात धरून फाटकापाशी उभा होता. तो काही बोलला नाही. बोलला असता तर कदाचित बरं झालं असतं.

"उद्या पहाटे निघू," ती म्हणाली. "पहाटे पोट शांत असतं."

"बरं."

वडील त्याच रात्री गेले. अंत्यविधीला नवरा एकटा बसनं गेला.

ती पलंगाच्या कडेला बसली. आता रडू येईल, असं तिला वाटलं. बसची वाट पाहत बसावं तशी ती बसून राहिली. ते आलं नाही. मग उठून तिनं भांडी घासली, ओटा पुसला, पडदे काढून भिजवले. सोमवारी ती कामावर गेली आणि कॉलेजातल्या एका मुलीला दोन खांबांच्या मधून गाडी मागे घ्यायला शिकवलं.

स्कूलचे मालक म्हणाले, "अहो, सुट्टी घ्यायचीत."

"कशाला?"

मालकांनी पुढच्या शिकवणीची किल्ली तिच्या हातात दिली.

त्यानंतर बराच काळ तसाच गेला. घरात बोलणं मान हलवण्यावर भागायचं. जेवलीस? हो. झोपतेस? हो. धाकटीचा फोन आधी आठवड्यानं यायचा, मग महिन्यानं, मग यायचा थांबला. ब्रेकमॅडम तोच रस्ता रोज फिरत राहिली. तिला दुःख होत नव्हतं. तिला काहीच होत नव्हतं. पोट सोडून.

यातून तिला बाहेर ओढलं ते एका नर्सबाईंनी, तेही तिच्या भल्यासाठी नव्हे, लायसन्ससाठी. नर्सबाई त्याच मोठ्या हॉस्पिटलात काम करायच्या. ऐसपैस बाई, बोलायला तोंडावर. दोनदा परीक्षेत नापास झाल्यावर त्या स्कूलमध्ये आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

"मॅडम, तुम्ही मला पूल का नाही दाखवलात?"

"पुलावर काय दाखवायचं? सरळ रस्ता आहे."

"सरळ आहे हो. पण मधे थांबता येत नाही, बाजूला घेता येत नाही, मागून ट्रक चिकटलेला. माझे हातपायच गळाले. शेवटी परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी स्टिअरिंग धरलं. आणि काय म्हणाले माहितीये? ब्रेकमॅडमच्या दिसताय. म्हणे तुमची सगळीच पोरं पुलावर गळपटतात."

नर्सबाईंनी आवाज खाली आणला.

"एक विचारू? राग मानू नका. आमच्या ओपीडीमागचा संडास तुम्ही रोज वापरता. शिकाऊ माणूस गाडीत घाम पुसत बसलेला असतो. मला वरच्या खिडकीतून दिसतं सगळं. साखरेचा त्रास आहे का?"

"नाही."

"मग?"

डॉक्टर सोडले तर घराबाहेर तिनं हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. पण लपवायलाही काहीतरी जोर लागतो, आणि तो तिच्यात उरला नव्हता. तिनं सांगून टाकलं.

"मग गुरुवारी या," नर्सबाई म्हणाल्या. "आमच्याकडे एक सर बसतात. मानसोपचारवाले."

"अहो, दुखतं माझं पोट. डोकं ठीक आहे."

"पोटाच्या डॉक्टरांनीच आणून बसवलंय त्यांना. औषधानं भागत नाही अशांसाठी. सीबीटी म्हणतात. विचार आणि वागणं, दोन्हीकडून धरतात. तुम्ही या आणि मला पूल शिकवा. मला रात्रपाळीला रिक्षा मिळत नाही."

ती गेली. आशा वगैरे काही नव्हती. त्या वेळेला कुणाची शिकवणी नव्हती, आणि हॉस्पिटल तिच्या रस्त्यावर होतं.

सरांची खोली एक्स-रे विभागाच्या मागे होती. पूर्वी तिथे मोडक्या खुर्च्या ठेवत, त्यातल्या काही अजून कोपऱ्यात एकावर एक रचलेल्या होत्या. सर स्थूल, सर्दी झालेले, सारखं नाक पुसणारे. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "इथून सगळ्यात जवळचा संडास कुठे आहे?"

"डावीकडे तिसरं दार. कडी नीट लागत नाही. त्याच्या पलीकडे कर्मचाऱ्यांचा आहे, तो दुपारपर्यंत स्वच्छ असतो."

"मी इतके दिवस इथे बसतोय," सर म्हणाले, "तो दुसरा मला माहीतच नव्हता."

मग त्यांनी समजावून सांगितलं. दुखणं खरं आहे, मनाचे खेळ नाहीत. आतड्याचा आणि मेंदूचा एकमेकांशी सतत संबंध असतो. एकदा मोठं दुखणं येऊन गेलं की आतडं हळवं होतं. ते जरा हललं तरी मेंदू त्याचा बाऊ करतो, माणूस घाबरतो, आणि माणूस घाबरला की आतडं आणखी पिळवटतं. "म्हणजे बघा, गाडीचंच उदाहरण घ्यायचं तर..."

"गाडीचं नको," ती म्हणाली. "पोटाचं सांगा."

सर हसले आणि त्यांना शिंका आल्या. शिंका संपल्यावर त्यांनी सरळ विचारलं, "आजवर कपड्यांत कधी झालंय?"

हे तिला कुणी विचारलं नव्हतं. पोटाच्या डॉक्टरांनीही नाही.

"नाही."

"एकदाही?"

"दर वेळी थोडक्यात वाचले."

"इतकी वर्षं, दर वेळी थोडक्यात?"

"काळजी घेते म्हणून."

"काळजी घेता म्हणून वाचता, की तशाही वाचल्या असतात?"

तिनं विचार केला. "ते कसं कळणार?"

"थोडी काळजी कमी करून बघायची. एकदम नाही. आणि समजा, झालंच. गाडीत, शेजारी शिकाऊ माणूस. पुढे काय?"

"गाडी बाजूला घेईन."

"मग?"

"घरी जाईन. अंघोळ करीन."

"मग?"

"सीट धुवावी लागेल."

"मग?"

"मग दुपारची शिकवणी."

"बऱ्याच जणांना इथे रडू येतं," सर म्हणाले.

"मला येत नाही," ती म्हणाली, आणि त्या ओघात वडिलांचं सांगितलं. फोन, गल्लीचं टोक, पेट्रोल पंप, पायरी, पहाट. एका दमात, पत्ता सांगावा तसं. सर लिहायचे थांबले.

"असं का बघताय?" तिनं विचारलं. "कसं सांगायचं असतं?"

"तुम्हाला जमेल तसं," सर म्हणाले. त्या दिवशी त्यांनी आणखी काही विचारलं नाही.

पुढचे गुरुवार कामाचे होते. आधी नाश्ता. उपाशी पोट शांत राहतं हा तिचा समज सरांनी खोडला. उपाशी पोट जास्त कुरकुरतं, आणि ती कुरकुर तुम्ही कान लावून ऐकत बसता, म्हणाले. पहिल्या दिवशी ती टेबलाशी बसून पाव चावत होती तेव्हा नवरा दाढीचा साबण गालावर तसाच ठेवून दारात येऊन उभा राहिला. साबण वाळला तेव्हा आत गेला.

मग मागच्या सीटवरची पिशवी घरी राहिली. मग स्कूलच्या खणातल्या गोळ्या गेल्या, मग गाडीतल्या. पोटाच्या डॉक्टरांना विचारून, खरंच लागली तरच घ्यायची असं ठरलं. मग थांबायची सवय. जावंसं वाटलं की लगेच धावायचं नाही, थोडं थांबायचं, श्वास पोटापर्यंत सोडायचा, आणि मनात काय येतंय ते नुसतं बघायचं. पहिल्यांदा ती वाचनालयासमोर गाडीत बसून थांबली. शेजारचा शिकाऊ बँकेतला कारकून होता, त्याला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. पोटात गोळा आला, वर चढला, आता फुटणार असं वाटलं, आणि मग हळूहळू सैल झाला.

"निघायचं का मॅडम?" कारकुनानं विचारलं.

"निघा," ती म्हणाली.

सरांच्या भाषेत ती गुणी पेशंट होती. सांगितलं की करायची. का, कशाला, जमेल का, काही नाही. उत्साहानं नव्हे, कुणी कपडे वाळत घालावेत तशी. रस्ताही वाढत गेला. भाजीबाजाराच्या पुढे एक सिग्नल, मग आणखी एक, मग नदीकाठ. शिकाऊ लोकांना कळेना की बाईंना झालंय काय. मालक म्हणाले, पेट्रोल जास्त जातंय. मग म्हणाले, जाऊ दे, पोरं पास तरी होतील.

आणि एक दिवस नर्सबाईंना घेऊन ती पुलावर गेली.

अर्ध्यावर पोचतात तोच पुढची रांग थांबली. कुठेतरी एक ट्रक बंद पडला होता. पुढे गाड्या, मागे गाड्या, दोन्ही बाजूंना कठडा. नर्सबाईंनी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं की बोटांची पेरं पांढरी झाली. ब्रेकमॅडमच्या पोटात कळ उठली, जुन्या ओळखीची, बेंबीखालून.

"मॅडम, तुमच्या तोंडावरचा रंग उडालाय."

"तुम्ही पुढे बघा."

"जायचंय का तुम्हाला?"

"कुठे जाणार? पूल आहे."

नर्सबाई एवढ्या घाबरलेल्या असूनही फिस्सकन हसल्या. रांग हातभर सरकली. "हाफ क्लचवर धरा," ती म्हणाली. "सोडू नका एकदम." आणि आपला पाय तिनं ब्रेकवरून काढून गाडीच्या तळावर टेकवला. दोन्ही पाय सपाट. कळ वाढली. तिच्या मनात आलं, आता होणार. ते वाक्य तिनं नुसतं येऊ दिलं. आता होणार, आता होणार. झालं नाही. कळ थोडा वेळ तिथेच घुटमळली आणि मग ओसरली. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. नर्सबाईंनी गाडी बंद पाडली, पुन्हा चालू केली, पुन्हा बंद पाडली. तिनं ब्रेकला पाय लावला नाही.

पुलापलीकडे उतरल्यावर नर्सबाईंनी गाडी बाजूला घेतली आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंगवर थापा मारल्या. "झालं! आपल्या दोघींचं झालं!"

"हो," ब्रेकमॅडम म्हणाली. आनंद व्हायला हवा होता, हे तिला समजत होतं. तिनं नर्सबाईंना आरसा नीट करायला सांगितला.

नर्सबाई पास झाल्या. त्या बिस्किटांचे पुडे घेऊन आल्या आणि साऱ्या स्कूलला वाटले.

त्या आठवड्यात सरांनी विचारलं, "पोट कसं आहे?"

"निम्म्याहून कमी दुखतं."

"आणि तुम्ही?"

"तेच सांगितलं."

"पोटाचं विचारून झालं. आता तुमचं विचारतोय."

ती कोपऱ्यातल्या खुर्च्यांकडे बघायला लागली. "भीती होती तोवर दिवसभर काम असायचं," ती म्हणाली. "कुठे जायचं, कुठे थांबायचं, काय खायचं नाही. आता ते कमी झालं, तर त्या जागी काहीच नाही. दुपारी काय करायचं कळत नाही." एवढं लांब ती कित्येक दिवसांत बोलली नव्हती.

सरांनी नाक पुसलं. "खरं सांगतो, तुम्हाला माझ्याकडे पोटासाठी पाठवलंय आणि ते काम होत आलंय. हे दुसरं जे आहे, ते या पद्धतीत सगळंच बसेल असं नाही. त्याच्यासाठी आमच्या डॉक्टर बाई आहेत, मंगळवारी बसतात. चिठ्ठी देतो. पण एक सांगा, जिथे जायचं टाळलंय त्यात सगळ्यात अवघड काय उरलंय?"

"घाट."

"घाटापलीकडे कोण आहे?"

"बहीण."

सरांनी चिठ्ठी लिहून पुढे ठेवली. ती म्हणाली, "जाईन."

रविवारी ती निघाली. गाडी तीच चालवत होती, नवरा शेजारी. निघताना तिनं नेहमीसारखा नाश्ता केला. बोगदा आला, गेला. बोगद्यापुढच्या वळणांवर कळ आली. ती धीर धरून चालवत राहिली, श्वास सोडत राहिली, पण ही ओसरणाऱ्यातली नव्हती. ही खरी होती. कडेला पंक्चरचं दुकान दिसलं. एक बाई ट्रकच्या चाकाचे नट पिळत होती.

"संडास आहे का हो?"

त्या बाईनं पान्यानं मागची बाजू दाखवली. पत्र्याचं दार, बादली, पाण्याचं पिंप. ब्रेकमॅडम परत आली तेव्हा ती बाई चाक काढून मोकळी झाली होती. "पुढे खडी सांडलीय," ती म्हणाली, "जरा हळू जा."

बस, एवढंच. इतक्या वर्षांच्या भीतीच्या शेवटी पत्र्याचं दार होतं आणि खडी सांडल्याची सूचना. गाडीत बसल्यावर नवऱ्यानं विचारलं, "ठीक?" ती म्हणाली, "ठीक."

धाकटीनं दार उघडलं. "आलीस?"

"आले."

वडिलांच्या खोलीत आता पलंग नव्हता. तिथे शिलाईचं मशीन होतं, भिंतीला कापडाचे गठ्ठे. धाकटी बायकांचे कपडे शिवायची. जेवणं झाली, नवरा पेपर तोंडावर घेऊन पडला. दोघी मागच्या दाराच्या पायऱ्यांवर बसल्या. तोवर धाकटी वाढ, घे, पाणी दे, एवढंच बोलली होती.

"मला एक सांग," ती म्हणाली. "तू इतकी आजारी होतीस?"

"पोट बिघडलं होतं."

"पोट बिघडलं होतं." धाकटीनं शब्द जसेच्या तसे परत उच्चारले. "बाबा मरत होते आणि तुझं पोट बिघडलं होतं."

"हो."

"ते तुझी वाट बघत नव्हते, तेवढं सांगते. ते शुद्धीतच नव्हते. दाराकडे मी बघत होते. दार वाजलं की मला वाटायचं तू आलीस. नर्स यायची. मी एकटीनं सह्या केल्या, एकटीनं त्यांचे कपडे घरी आणले."

"हो."

"हो काय हो? रडलीस तरी का?"

"नाही."

"का?"

"येत नाही."

"मग येतं तरी काय तुला?" धाकटी ओरडली.

"गाडी येते."

तिनं ते थट्टेनं म्हटलं नव्हतं. प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. धाकटीला हसू फुटलं, दाबून दाबून फुटलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. चांगलं मोठ्यानं, पदर तोंडाशी धरून. ब्रेकमॅडमनं तिच्या पाठीवर हात ठेवला, कारण अशा वेळी ठेवतात. पाठ गरम होती आणि हलत होती. हाताला ते कळत होतं. हाताच्या पुढे काही जात नव्हतं. तरी तिनं हात काढला नाही. धाकटी शांत होईपर्यंत तो तिथेच होता, मग मनगटाला रग लागली तेव्हा तिनं हात बदलला.

सरांचे गुरुवार संपले. आता ती मंगळवारी डॉक्टर बाईंकडे जाते. त्या गोळ्या देतात, थोडं बोलतात, म्हणतात वेळ लागेल. पोट पूर्ण बरं झालेलं नाही. कधीकधी आठवडा वाईट जातो, मग ती वाचनालयासमोर थांबते, पूर्वीसारखी. पण शिकाऊ लोकांना आता पहिल्याच आठवड्यात पुलावर नेते. ब्रेकमॅडम हे नाव काही सुटलं नाही. नवरा काचा घासतो. हल्ली तो रोज संध्याकाळी दुकानातली एखादी गंमत सांगतो. ती ऐकते. क्वचित शेवट कळतो तेव्हा मान वर करते.

महिन्यातून एखादा रविवार ती घाटापलीकडे जाते. दोघी फारसं बोलत नाहीत. गेल्या खेपेला धाकटीनं तिला कापडाच्या गठ्ठ्यांपाशी उभं केलं.

"हे अंगावरचं किती वर्षांचं आहे? नुसतं लोंबतंय. थांब, नवीन शिवते."

"कशाला?"

"शिवते म्हटलं ना."

धाकटीनं टेप तिच्या कमरेभोवती फिरवली आणि खांद्यावरून आरशात पाहिलं.

"ताई, पोट आत ओढू नकोस. माप चुकतं. सोड."

तिला कळलंच नव्हतं की आपण ओढून धरलंय. तिनं सोडलं.

"अजून."

तिनं अजून सोडलं. धाकटीनं टेपेवर अंगठा दाबला, खडूनं निळ्या कापडावर खूण केली आणि म्हणाली, "आता हात वर कर."